इरॅस्मसचं नसलेलं घर आणि आपला दुतोंड्या : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी रॉटरडॅमच्या पायी फेरीबद्दल लिहिलं होतं. लेकीकडे गेले होते तेव्हा इरॅस्मस नावाच्या पाचशे वर्षांपूर्वीच्या विद्वानाच्या खुणा शोधत आम्ही दहा-बारा जण एका गाइडबाईच्या मागे अडीच तास चाललो, त्याबद्दल. मला वाटलं दोन-चार जण छान म्हणतील आणि विषय संपेल, पण एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. लोणच्याच्या बुरशीवाल्या ताई आणि सोसायटीच्या पार्किंगवाले दादा, पुढच्या महिन्यापर्यंत जरा दम धरा. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, भाग तेवढा लिहिते.

गंगापूर रोडवरून: ताई, मुलगा रॉटरडॅमला एमएस करतोय. मे महिन्यात आम्ही दोघं आणि सासूबाई दहा दिवस जाणार आहोत. मुलगा म्हणतो त्या इरॅस्मस वॉकमध्ये बघायला काही नाहीये, उगाच पाय दुखवून घ्याल, त्यापेक्षा ट्युलिप बघा. सासूबाईंचे गुडघे दुखतात. जावं का?

जा. मुलगा म्हणतोय ते अर्धं खरं आहे, बघायला खरंच कमी आहे, ऐकायला भरपूर आहे. आणि आईबाप आले की मुलांना ट्युलिपच का सुचतात देव जाणे, माझ्या लेकीलाही तेच सुचलं होतं. त्यात ती ट्युलिपची मोठी बाग मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, तेव्हा तारखा आधी बघा, नाहीतर फाटकाला हात लावून परत याल.

गुडघ्यांचं म्हणाल तर गाव तळहातासारखं सपाट आहे, आपल्या जुन्या नाशकासारखे चढउतार नाहीत. ब्लाक नावाच्या स्टेशनवर उतरायचं, वर आलं की एका बाजूला घोड्याच्या नालेसारखी वाकलेली मार्केट हॉलची बिल्डिंग दिसते, दुसऱ्या बाजूला ती प्रसिद्ध तिरकी पिवळी ठोकळ्यांची घरं (सासूबाई विचारतील यात कपाट कुठे लावतात, मीही विचारलं होतं), आणि तिथेच पिवळे पाइप अंगाबाहेर काढलेली सेंट्रल लायब्ररी. इरॅस्मसच्या पुस्तकांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह या लायब्ररीचा आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरात त्याचं एक वाक्य लावलंय, अख्खं जग हीच तुझी मायभूमी अशा अर्थाचं. तिथून लॉरेन्स चर्च पाच मिनिटं, सासूबाईंचा हात धरून दहा.

चर्चसमोरच्या चौकात पुतळा आहे, तिथे मात्र घाई करू नका. ब्राँझचा आहे, १६२२ सालचा, हेन्ड्रिक दे कायझर नावाच्या शिल्पकाराचा, नेदरलँड्समधला सगळ्यात जुना ब्राँझचा पुतळा म्हणतात त्याला. अंगावर पायघोळ जाड झगा, डोक्यावर चपटी टोपी, हातात भलं मोठं पुस्तक आणि बोटं पानाच्या कडेला, उलटायच्या बेतात. मान खाली. समोर टूरिस्ट आलेत, कबुतरं आलीत, नाशिकच्या बायका सेल्फी काढताहेत, त्याला काही पडलेलीच नाही, सावानाच्या, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या वाचनकक्षात सकाळी सकाळी पेपर धरून बसलेले काका असतात ना, अगदी तसा. घोडा नाही, तलवार नाही, हात वर करून जनतेला उद्देशून काही नाही. मी तरी वाचत असलेल्या माणसाचा एवढा मोठा आणि एवढा जुना पुतळा दुसरीकडे पाहिलेला नाही.

पुढे इरॅस्मस पुलापर्यंत चालत जायचा हट्ट धरू नका, ट्रामने जा, ट्राम पुलावरूनच जाते. पूल १९९६चा, आठशे मीटर लांब, एकच पांढरा वाकडा खांब १३९ मीटर उंच, लोक त्याला हंस म्हणतात. वारा एवढा की पदर नाही, माणूसच उडेल. सासूबाईंना पंजाबी ड्रेस घालायला राजी करा, स्कार्फ घ्या.

इंदिरानगरमधून, एक आजी: तुम्ही लिहिलंत की चर्चच्या घड्याळाचे टोले ऐकले की इरॅस्मसचा पुतळा पान उलटतो. नातवाने तिकडे राहणाऱ्या मामाला व्हिडिओ कॉल लावून बाराचे टोले पडेपर्यंत पुतळ्यासमोर उभं केलं. पान उलटलं नाही. आता तो म्हणतो मासिकात खोटं छापतात.

आजी, चूक माझी, आणि मामांची मनापासून माफी मागते. झालं असं की मी ती गोष्ट जशी ऐकली तशी लिहून टाकली आणि तिच्यातली गंमत मात्र लिहायची राहिली. रॉटरडॅमची माणसं पोरांना सांगतात, "त्याला टोले ऐकू आले की तो पान उलटतो." आता पुतळ्याला कधी ऐकू येतं का? म्हणजे वाक्य शंभर टक्के खरं आणि पान कधीच उलटणार नाही. नातवाला एवढं सांगा, आणि मग त्याच्या वर्गातल्या कुणावर तरी हे वापरून बघायला सांगा, राग जाईल.

नाशिकरोडवरून: हा इरॅस्मस त्या गावात फक्त चार वर्षं राहिला असं तुम्हीच लिहिलंय. मग पूल त्याचा, युनिव्हर्सिटी त्याची, हॉस्पिटल त्याचं, हे जरा जास्त होत नाही का?

जास्त होतं, आणि तिथल्या लोकांनाही ते माहितीये. २००३च्या सुमाराला एक पाहणी झाली त्यात म्हणे बऱ्याच रॉटरडॅमकरांना वाटत होतं की इरॅस्मस म्हणजे तो पूल बांधणारा इंजिनिअर! आपल्याकडे हसायचं काम नाही, महात्मा गांधी रोडवर उभं राहून मोबाइलचं कव्हर घेणाऱ्यांना काय विचारणार आपण.

पण मला त्या फेरीत जे खरं लागलं ते याच प्रश्नाचं उत्तर आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. चर्चच्या जवळच एका जागी गाइडबाई थांबल्या, आम्ही इकडे तिकडे बघतोय, कॅमेरे काढतोय, तर त्या म्हणाल्या, इथे काही नाहीये, नीट बघा, काहीच नाहीये. मग पिशवीतून लॅमिनेट केलेलं एक जुनं चित्र काढलं. इथे एक बारकं घर होतं, इरॅस्मसचा जन्म त्या घरात झाला असं गाव मानायचं, आणि त्यावर लॅटिनमध्ये एक ओळ होती, घर हे लहान पण जन्मला तो महान अशा अर्थाची. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, जेमतेम पंधरा मिनिटं, मग आग लागली, आणि जुनं गाव गेलं. ऐंशी हजाराच्या आसपास माणसं बेघर झाली. ते घर गेलं. चर्चच्या भिंती आणि टॉवर तेवढे उरले, दुरुस्ती १९६८पर्यंत चालली होती. आग जिथपर्यंत पोचली ती हद्द आज फूटपाथमध्ये लाल दिवे बसवून दाखवलीये, चालता चालता पायाखाली येतात, मला पहिल्यांदा वाटलं पार्किंगचे असतील.

आणि पुतळा? त्याची कथा तर अजूनच भारी. पहिला पुतळा लाकडाचा होता, १५४९चा. मग दगडाचा आला १५५७ला, तो स्पॅनिश शिपायांनी १५७२ मध्ये फोडला. मग हा ब्राँझचा, तर त्यालाही तिथल्या कर्मठ पाद्र्यांचा विरोध, हा धड आपला नव्हेच म्हणून. युद्धात तो म्युझियमच्या अंगणात चक्क पुरून ठेवला होता. म्हणजे बघा, माणूस चार वर्षांचा असताना गाव सोडून गेला, त्यानंतर गावाने चारशे वर्षं त्याला धरून ठेवलं. त्यानेही गाव सोडलं पण नाव नाही सोडलं, मरेपर्यंत स्वतःला इरॅस्मस रॉटेरोडामुस म्हणवत राहिला, म्हणजे रॉटरडॅमकर. गेला तो १५३६ला, स्वित्झर्लंडमधल्या बाझलला, तिथेच पुरलंय.

त्याचं जन्मसालसुद्धा पक्कं नाही, कुणी १४६६ म्हणतं, कुणी १४६९. वडील धर्मगुरू होते आणि आईशी त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा जन्माच्या कागदपत्रांबद्दल तो स्वतःच गोलमोल बोलायचा. गाइडबाईंनी हे सगळं त्या रिकाम्या जागेवर उभं राहून सांगितलं, काही झाकलं नाही, काही फुगवलं नाही. मला ते फार आवडलं.

आणि नाशिकरोडकर, एक सांगा, कुसुमाग्रज कुठले? नाशिकचेच ना? जन्म पुण्याचा आहे त्यांचा, १९१२. मग आपण म्हणतो का की जास्त होतंय?

सिडकोमधून: परदेशी माणसाचं एवढं कौतुक कशाला? आपल्याकडे संत-महात्मे काय कमी आहेत?

कमी नाहीत, पुढच्या उत्तरात एक येतातच. पण परदेशी माणसाचं म्हणाल तर जपानी लोकांची गंमत ऐका. १५९८ला रॉटरडॅमहून काही जहाजं निघाली, त्यातलं एक १६०० साली कसंबसं जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्या जहाजाचं नाव आधी इरॅस्मस होतं, मागच्या बाजूला त्याचा लाकडी पुतळा होता. जहाज गेलं, पुतळा उरला, फिरत फिरत एका बौद्ध देवळात पोचला आणि तिथे लोक त्याची काटेकीसामा म्हणून पूजा करायला लागले. शेकडो वर्षं! कुणाला पत्ता नाही की हा युरोपातला एक आजारी, खाण्यापिण्याच्या बाबतीत कटकट्या, लॅटिन पंडित आहे. विसाव्या शतकात ओळख पटली, आता टोकियोच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये ठेवलाय. पंचवटीत शेंदूर लावलेला कुठलाही दगड दिसला की मला आता हे आठवतं.

कॉलेज रोड, बारावीतला विद्यार्थी: ती इरॅस्मस स्कॉलरशिप आणि हा माणूस एकच का? मला मिळू शकते का?

नाव त्याचंच, पण जमवून आणलेलं. युरोपात विद्यार्थ्यांनी एका देशातून दुसऱ्या देशात शिकायला जावं म्हणून १९८७ला योजना सुरू झाली, तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं अशी बसवली की इरॅस्मस होतं. बरोबरच आहे, हा माणूस पॅरिस, लंडन, केंब्रिज, व्हेनिस, लूव्हाँ, बाझल असा आयुष्यभर फिरतच होता. आपल्याकडच्या मुलांना मिळते ती इरॅस्मस मुंडस, ती पदवीनंतरच्या मास्टर्सला असते, तेव्हा आधी बारावी कर, मग पदवी, अर्ज तेव्हा. आणि निबंधात "इरॅस्मस हे महान इंजिनिअर होते" असं लिहू नकोस.

जुने नाशिक, निवृत्त शिक्षक: आपल्या लेखात इरॅस्मस यांना मानवतावादी तत्त्वज्ञ म्हटले आहे. त्यांनी नेमके तत्त्वज्ञान कोणते मांडले? लेखात पूल, वारा आणि कॉफीच जास्त होती.

सर, छडी लागली. कॉफीचा परिच्छेद खरंच मोठा झाला होता.

त्या काळच्या मानवतावादी लोकांना तुम्ही शंकराचार्यांसारखं दर्शन मांडणारे समजलात तर निराशा होईल. ही मंडळी मुळात भाषेची माणसं. म्हणणं एवढंच की टीकेवरची टीका, तिच्यावरची टीका वाचत बसू नका, मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचा, मग बोला. ऐकायला साधं वाटतं, पण तेव्हा यातून आग लागली. इरॅस्मसने पोथ्या गोळा करून बायबलच्या नव्या कराराचा ग्रीक पाठ १५१६ला बाझलला फ्रोबेनच्या छापखान्यातून छापला, शेजारी स्वतःचं नवं लॅटिन भाषांतर. चर्च हजार वर्षं जे लॅटिन वाचत होतं त्यात चुका आहेत असं त्यातून दिसायला लागलं. आता हेही सांगते की काम भयंकर घाईत झालं, पुस्तक संपादलं कसलं, ढकललं, असं नंतर त्याचंच म्हणणं होतं. शेवटच्या प्रकरणातल्या शेवटच्या काही ओळी त्याच्याकडच्या पोथीत नव्हत्याच, तर या पठ्ठ्याने लॅटिनवरून उलट ग्रीक स्वतः करून भरल्या. मूळ वाचा मूळ वाचा म्हणणाऱ्याने!

इथे मला राहवत नाही, एकनाथ महाराज आठवतातच. शके १५०६ म्हणजे १५८४, इरॅस्मस गेल्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, आपल्या याच गोदावरीच्या खालच्या अंगाला पैठणला नाथांनी काय केलं? ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा केल्या, लोकांनी मध्ये घुसडलेलं आणि बिघडलेलं काढलं, शुद्ध प्रत केली. आणि बजावून ठेवलं की यात कुणी स्वतःची ओवी घालेल तर अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी ठेवल्यासारखं होईल. एकमेकांची नावंसुद्धा ऐकली नसतील यांनी, एक राईनकाठी, एक गोदाकाठी, आणि काम तेच, आणि सर, या बाबतीत आपल्या नाथांचा हात इरॅस्मसपेक्षा स्वच्छ होता असं माझं मत आहे.

अजून एक. त्या १५१६च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत इरॅस्मस म्हणतो की शेतकऱ्याने नांगर धरून हे गावं, विणकराने मागावर गुणगुणावं. हे वाचलं आणि मला जात्यावरच्या ओव्याच ऐकू आल्या. पण स्वतः मात्र त्याने जन्मभर लॅटिनमध्ये लिहिलं, नांगरधाऱ्याला कळेल अशा डचमध्ये नाही. नाथांनी पुढे हा प्रश्न निकालात काढला, संस्कृत देवाने केली तर प्राकृत काय चोरांनी केली का, असं रोकडं विचारून.

बाकी लिखाण ढीगभर. मूर्खपणाची स्तुती नावाचं पुस्तक १५११चं, मित्र थॉमस मोरच्या घरी बसून लिहायला घेतलेलं, त्यात मूर्खपणा ही बाईच उभी राहून भाषण ठोकते आणि पंडित, पाद्री, राजे, सगळ्यांची सालं काढते. १५१७ला शांतीची तक्रार, त्यात शांती स्वतः येऊन विचारते की सगळ्या देशांतून तुम्ही मला का हाकलताय. १५३०ला पोरांनी कसं वागावं याचं पुस्तक: नाक बाहीला पुसू नये, बरबटलेली बोटं चाटू नयेत, अंगरख्याला तर अजिबात पुसू नयेत. (मिसळ खाताना मी हे पाळत नाही.)

आणि म्हणी! जुन्या ग्रीक-लॅटिन म्हणी जमवून तो त्यावर लिहायचा, १५००ला ८१८ होत्या, मरेपर्यंत ४,१५१ झाल्या. त्यातली एक, आंधळ्यांच्या राज्यात एकाक्ष राजा, आपली वासरात लंगडी गाय शहाणी. पँडोराची पेटी म्हणतो ना आपण, ती पेटी याच्यामुळे झाली, मूळ ग्रीक गोष्टीत तो मोठा मातीचा रांजण होता, लॅटिनमध्ये लिहिताना याने पेटी केली आणि पाचशे वर्षं जग पेटीच उघडतंय.

त्याचं कुणाशीच पूर्ण जमलं नाही हीच त्याची शोकांतिका म्हणा. चर्चविरुद्ध मार्टिन ल्युथर उभा राहिला तेव्हा लोक म्हणाले अंडं इरॅस्मसने घातलं, ल्युथरने उबवलं. याचं उत्तर असं की मी कोंबडीचं घातलं होतं, ल्युथरने भलतंच पाखरू काढलं. माणसाला स्वतःची इच्छा असते की नाही यावर १५२४ला त्याने ल्युथरविरुद्ध लिहिलं, ल्युथरने पुढच्याच वर्षी जोरदार फटकारलं. मग प्रोटेस्टंट म्हणाले हा भित्रा, आणि कॅथलिकांनी १५५९ला याची पुस्तकं बंदीच्या यादीत टाकली. दोन्हीकडून मार.

पंचवटीतून: आपल्या नाशिकमध्ये अशी एखाद्या माणसाच्या मागावरची फेरी करायची इच्छा आहे. आम्ही चार मित्र आहोत, दोघांकडे आवाज आहे. काय करावं, काय टाळावं?

आधी माझी फजिती ऐका. रॉटरडॅमहून आल्या आल्या मला जोर चढला होता, एका रविवारी सकाळी मैत्रिणी, शेजारी, भाचा अशी सात माणसं गोळा करून सरकारवाड्यापासून निघाले. डोक्यात सगळंच सांगायचं होतं, पेशवे, सावरकरांचं अभिनव भारत, १९०९चा कान्हेरेंचा जॅक्सनवध, १८४०चं सावाना, त्याआधीचं गुलशनाबाद, काय विचारू नका. सराफ बाजार संपेपर्यंत भाचा मोबाइलमध्ये, दोघी चांदीच्या दुकानात. तांबट आळीत पोचलो तर ठोकाठोकी सुरू, ठण ठण ठण, माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी ओरडून सांगतेय, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं की नाशिककर सावध होतात. तर एक आजोबा, मांडीत घंगाळ, हातात लाकडी मोगरी, ठोकायचे थांबले. म्हणाले, "बाई, गळ्याला लागेस्तोवर कोण थांबतंय? कमरेला लागलं का आम्ही सामान काढायला घेतो. गळ्याला लागल्यावर मग पोहायचंच राहतं." आणि पुन्हा ठण ठण. पुढची वीस मिनिटं माझ्या सात माणसांनी त्यांनाच प्रश्न विचारले, कुठल्या साली पाणी कुठवर आलं, भांडी कुठे नेली, कोणाचं काय वाहून गेलं, आणि आजोबांनी उठून घंगाळाच्या कडेने भिंतीवर दाखवलं, इथवर. त्या सकाळचं सगळ्यांना आठवतं ते तेवढंच. भाच्याने व्हिडिओ काढला तोही आजोबांचा, माझा नाही.

तेव्हा पहिलं म्हणजे एक माणूस धरा आणि बाकीचे कितीही मोठे असले तरी त्या दिवशी घरी ठेवा. आणि गल्लीतल्या एखाद्याला बोलतं करा, आधी चहाला जाऊन ठरवून ठेवलंत तरी चालेल.

माणूस तुम्ही विचारला नाहीत तरी मी सुचवते, कुसुमाग्रज. नाहीतरी दर २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला आपण हार घालून घरी येतो. मानवतावादी म्हणजे काय हे सरांना मी वर एवढं लांब सांगितलं, ते काळाराम मंदिराच्या दारात एका मिनिटात सांगता येईल. बाबासाहेबांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला तिथे सुरू झाला आणि पुढे पाच वर्षं चालला, आणि त्या सत्याग्रहाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पोरांत विशीतले शिरवाडकर होते. पंचवटीत फिरवणारे लोक देवळाचा काळा दगड रामशेजचा कसा ते बरोब्बर सांगतात आणि १९३० सफाईने गाळतात. तुम्ही गाळू नका. कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे, इरॅस्मसचं तिथल्या पाद्र्यांनी काय केलं ते वाचलंत ना.

मग नदी ओलांडून इकडे, सावाना, टिळकवाडीतलं त्यांचं घर, शेवट गंगापूर रोडचं स्मारक, तो टप्पा रिक्षाने करा, चालत नेलंत तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही. कविता सगळ्या ठिकाणी म्हणू नका. दोघांकडे आवाज आहे म्हणालात म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

वाटेत नारोशंकराचं देऊळ लागेलच. ते सोडवणार नाही तुमच्याने, कुणाच्यानेच सुटत नाही, पण तिथे एक काळजी घ्या. घंटा पोर्तुगीजांची, वसईच्या १७३९च्या मोहिमेतून आलेली, तिच्यावर १७२१ साल आहे, हे ठामपणे सांगा. तिचा आवाज किती कोसांवर जायचा ते मात्र "सांगतात" असं म्हणून सांगा. हे "सांगतात" फार महत्त्वाचं. मी एक "सांगतात" गाळला तर वर इंदिरानगरच्या मामांना बारा वाजेपर्यंत उभं राहावं लागलं.

जागा गेली असेल, वाडा पाडून तिथे पार्किंग झालं असेल तरी थांबा. उलट तिथेच जास्त थांबा. जुना फोटो मोठा करून लॅमिनेट करून न्या, दीडशे रुपयांत होतो, आणि लोकांना म्हणा बघा, इथे काही नाहीये. नाशकात अशा जागांची कमी पडायची नाही, सिंहस्थ तोंडावर आलाय, रोज एक नवीन तयार होतेय.

वेळ सकाळी साडेसातची ठेवा, नऊनंतर मेन रोडला उभं राहता येत नाही. मिसळ शेवटी, आधी खाल्लीत की कोणी चालत नाही. आणि मलाही कळवा, मी येते, गप्प चालेन असं वचन देते. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये ठरवत असाल तर आदल्या संध्याकाळी घाटावर एक चक्कर मारून या, दुतोंड्याच्या कमरेला पाणी दिसलं तर रद्द.